वरीलप्रमाणे

चष्मेवाल्याच्या दुकानात आलेलं माणूस तक्त्याची शेवटची ओळ वाचल्याशिवाय बाहेर पडत नसे. स्वतःच्या घराण्याचं मात्र चष्मेवाल्याला बोटीवाल्या आजोबांच्या मागचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

बोटीवाले आजोबा म्हणजे आईचे वडील. लहानपणी समुद्र ओलांडून ते इकडे आले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. कुठून आले, ते एकट्या आईला माहीत असायला हवं होतं. "बाबांनी सांगितलं होतं रे मला. नऊ वर्षांची होते. विसरले," असं ती वर्षातून एकदा तरी म्हणायची आणि त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

आता ती अठ्ठ्याऐंशीची झाली होती आणि अंथरुणाला खिळली होती. "त्यांना हवं ते खाऊ घाला," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा घरच्यांना काय समजायचं ते समजलं. आईला खायला काहीच नको होतं.

"माझ्या बाबांचं गाव तेवढं शोध," ती म्हणाली. "नाव कळलं की मी सुटले."

चष्मेवाल्याने कंबर कसली. आजोबांच्या नोकरीच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून पलीकडच्या एका बंदराचं नाव होतं. त्याने तिथे दोन पत्रं धाडली. दोन्हींना उत्तर आलं, अशा मुलाची नोंद इथे नाही. घोडं तिथेच पेंड खात होतं. शेवटी एका मंगळवारी दुकान बंद ठेवून तो इकडच्या बंदराच्या जुन्या कचेरीत गेला.

मागच्या खोलीत रेकॉर्ड सांभाळणारी बाई बसली होती. पंधरा दिवसांनी या, असं ती म्हणणारच होती, तेवढ्यात तिच्या चष्म्याची दांडी निखळून टेबलावर पडली. चष्मेवाल्याच्या खिशात बारका स्क्रू ड्रायव्हर असायचाच. दोन मिनिटांत दांडी बसली आणि पुढच्या दहा मिनिटांत बोटीचं रजिस्टर त्याच्यासमोर आलं. सरकारी कामात इतकी घाई त्याने जन्मात पाहिली नव्हती.

जन्मठिकाणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला त्या बंदराचं नाव होतं. त्याखाली बेचाळीस ओळी नुसत्या दोन-दोन बारक्या रेघा.

"हे काय?"

"वरीलप्रमाणे," बाई म्हणाली. "रांग मोठी, कारकून एकटा, त्यातून जेवायची वेळ झालेली. पहिल्याला विचारलं, बाकीच्यांच्या वाट्याला रेघा."

"अख्खी बोट एकाच गावात जन्मली?"

"कागदावर तरी जन्मली."

एकोणतिसाव्या ओळीत आजोबा होते. मुलगा, वय सहा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, सोबतची स्त्री प्रवासात मयत. ती त्यांची आई की आणखी कोण, तेही लिहिलेलं नव्हतं. गावाचं नाव सांगणारं एकुलतं एक माणूस समुद्रात गेलं होतं आणि पोराला रांगेतल्या कुणीतरी सांभाळलं असणार. चष्मेवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

बाईला आता चेव आला होता. तिने आणखी दोन गठ्ठे सोडले. आजोबा बाविसाव्या वर्षी पुन्हा तिकडे गेले होते आणि तीन महिन्यांनी परतले होते. अडतिसाव्या वर्षी परत गेले. या वेळचे दोन्ही अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरले होते. जातानाच्या अर्जावर प्रवासाचं कारण, जन्मगाव शोधणे. पाच महिन्यांनी परततानाच्या अर्जावर जन्मठिकाणापुढे लिहिलं होतं, सापडलं नाही. त्यावर कारकुनाने रेघ मारून पुन्हा त्याच बंदराचं नाव घातलं होतं. रकाना रिकामा सोडायची पद्धत नव्हती.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, सांगा की एखादं नाव ठोकून. नकाशात गावांचा काय दुष्काळ पडलाय? समाधानाने जातील बिचाऱ्या."

त्याने नकाशा उघडून पाहिलाही. बंदराजवळची तीन गावं कानाला बरी लागली. पण त्याच्या डोक्यात वेगळंच येत होतं. आई एकोणऐंशी वर्षं स्वतःला बोल लावत होती. नावच नव्हतं, तर ती विसरली काय? आपण गावापेक्षा मोठी गोष्ट घेऊन आलोय, असं त्याला वाटलं आणि खरं सांगायचं तर तो मनातून थोडा खूशही झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या पाठीशी उशी लावून त्याने अर्जांच्या नकला वाचून दाखवल्या. शेवटी म्हणाला, "तेव्हा तू काही विसरली नाहीस, आई. त्यांनाच माहीत नव्हतं."

आईने परततानाच्या अर्जाची नक्कल स्वतःकडे ओढून घेतली.

"मी विसरले नव्हतेच," ती म्हणाली. "विसरायला आधी ऐकावं लागतं."

"म्हणजे?"

"माझी आई आधीच गेलेली. बाबा मला शेजारच्या काकूंकडे टाकून पाच महिने गेले. कामाला जातो म्हणाले. परत आले त्या दिवशी माझ्याजवळ बसले. म्हणाले, माझ्या गावाचं तुला सांगायचंय. मला इतका राग आला होता! मी कानात बोटं घातली आणि मोठ्याने पाढे म्हणत सुटले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते."

"किती वेळ?"

"ते रडायला लागेपर्यंत." तिने पदर तोंडाशी नेला. "पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी तापाने गेलेच ते. मला वाटायचं, नाव सांगत होते. नाव काय, आज ना उद्या कोणीतरी शोधून आणेल. ते तर सापडलं नाही म्हणून सांगत होते रे. घरात माझ्याशिवाय होतं कोण त्यांना सांगायला?"

चष्मेवाल्याची मोठी गोष्ट त्याच्या हातातच राहिली. तीन गावांची नावं अजून आठवत होती, पण आता त्यांचा उपयोग नव्हता.

"आई, नऊ वर्षांची होतीस तू," तो कसाबसा म्हणाला. "पोरच होतीस."

"आणि बोटीतून उतरले तेव्हा ते सहा वर्षांचे होते," आई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडायला लागली.