एक दिवस तिकडच्या भाषेत

माझ्या नवऱ्याला त्याची आईच रेडिओ म्हणते. तो पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकतो, आणि समोरच्याला नको असलं तरी विकून येतो. गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये पाहुणे आले. दूर देशातल्या मिशनच्या दवाखान्यात तीन वर्षांसाठी नर्स हवी, म्हणाले. नर्स मी. उभा राहिला हा. आम्हा दोघांना पाचारण झालंय, आम्ही तयार आहोत, असं त्यानं परस्पर सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण या खेपेला टाळू माझी होती. मंडळीनं टाळ्या वाजवल्या आणि मी मूग गिळून बसले.

घरी मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यानं इतकं छान समजावलं, की शेवटी मीच त्याला चहा करून दिला.

जाण्याआधीचं शिबिर एका शाळेच्या रिकाम्या वसतिगृहात होतं. लोखंडी दुमजली खाटा, सगळ्यांत मिळून एक आरसा, भांडी घासायला लांबलचक मोरी. तिकडची भाषा शिकवायला मावशी होत्या, तिथेच उभी हयात काढून परतलेल्या. शेवटच्या सकाळी प्रार्थनेनंतर त्या प्रत्येक जोडप्याला विचारणार होत्या, जाताय ना? त्यावर तिकिटं निघणार होती. मला नाही म्हणायचं होतं. याच्यासमोर ते जमणार नाही, हेही ठाऊक होतं.

आदल्या दिवसासाठी मावशींचा नियम होता. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत फक्त तिकडची भाषा बोलायची. जो आपल्या भाषेवर येईल त्यानं सगळ्यांची पातेली घासायची.

पुस्तकात होते ते साधे धडे, मीठ, पाणी, रस्ता, घर, आणि रोग्याला विचारायचे प्रश्न. मी ते पाठ केले होते. यानं केले नव्हते, तिथे गेल्यावर आपोआप येईल म्हणाला होता. त्या दिवशी रेडिओची बॅटरीच गेली. न्याहारीला मीठ मागायचं तर यानं रस्ता मागितला. सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

दुपारी मोरीवर आमची पाळी होती. तो घासत होता, मी विसळत होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. मला वाटलं, बाई गं, बोलायचं तर आत्ताच, आज याच्याकडे उत्तरं नाहीत.

"तू जा," मी त्या भाषेत म्हटलं. "मी घर."

त्याचा हात थांबला. सवयीनं त्यानं तोंड उघडलं, आणि आत काहीच नसल्यासारखं मिटलं. आता हा पातेल्यांची पर्वा न करता आपल्या भाषेत सुरू होणार, असं मी धरूनच चालले होते. तसं झालं नाही. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ शोधत राहिला. शेवटी त्याला सापडलं ते दवाखान्याच्या धड्यातलं वाक्य होतं.

"कुठे दुखतं?"

मी ओल्या हातानं गळ्याला बोट लावलं. "घसा."

धड्यात पुढचा प्रश्न ठरलेला आहे. तो त्यानं विचारला.

"कधीपासून?"

"आपलं घर," मी म्हटलं. "पहिला दिवस."

नळ वाहत होता, तो त्यानं बंद केला. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. इतका साधा प्रश्न विचारायला या माणसाला परक्या भाषेची शिकवणी लागावी, याचा राग.

संध्याकाळी घंटा झाली आणि वसतिगृहभर एकच कलकलाट उठला. जो तो दिवसभराचं साठलेलं बोलून घेत होता. हा जेवतानाही गप्प होता. समोरच्या बाईनं मला विचारलं, यांना बरं नाही का?

सकाळी प्रार्थना झाली. मावशींनी आमच्या बाकाकडे बघून सगळे विचारतात तसं त्यालाच विचारलं, जाताय ना? तो उठला.

"तिला विचारा," तो म्हणाला आणि खाली बसला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले. मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण चांगला खणखणीत फुटला.

"मला नाही जायचं."

मावशींनी मान डोलावली. चेहऱ्यावरून त्या रागावल्या की नाही ते कळलं नाही. मग त्यांनी याला विचारलं, एकटे जाल का, तिकडे हाताला काम पुष्कळ आहे. तीन वर्षं तिकडे जायचं त्याच्या किती मनात होतं, ते मलाच माहीत. मी जमिनीकडे बघत राहिले.

त्यानं उत्तर दिलं ते त्या भाषेत.

"मी घर."

मावशींनी त्याचा उच्चार सुधारला आणि त्या पुढच्या जोडप्याकडे वळल्या.