निर्दोष वाक्य

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असा एक ग्रुप असतो. त्यात सकाळी फुलांची चित्रं येतात, दुपारी गुडघेदुखीवरचं औषध येतं आणि अधूनमधून एखादी खरी बातमीही येते. या घरातल्या ग्रुपचं नाव होतं ‘आपली माणसं’. पण त्यात मोकळेपणाने लिहायला कुणी धजत नसे, कारण त्यात आबा होते.

आबा एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हेच आयुष्यभराचं काम. बसायची जागा छपाईयंत्रांच्या बरोबर वर. त्या धडधडीने कान गेले. निवृत्त झाले तेव्हा कुणी कानाशी येऊन ओरडलं तरच ऐकू यायचं, फोनवर तर काहीच नाही. म्हणून परगावी असलेल्या मुलाने त्यांना मोठ्या पडद्याचा फोन पाठवला. तेव्हापासून आबांचं जगाशी बोलणं मेसेजवर आलं. बायकोही स्वयंपाकघरातून हाका मारायच्या ऐवजी मेसेज करायची.

तिने पहिल्याच दिवशी लिहिलं, “चहा?”

आबांनी उत्तर दिलं, “क्रियापद कुठे आहे?”

ती गॅसपाशी हसली. मग तिच्या लक्षात आलं की ते चेष्टा करत नाहीत. “तुम्ही चहा घेणार का?” असं लिहीपर्यंत चहा उकळून उकळून कडू झाला. त्या दिवसापासून ती नवऱ्याला पूर्ण वाक्यातच लिहू लागली.

बाकीच्यांसाठी आबांची पद्धत वेगळी होती. ते मेसेजचा स्क्रीनशॉट काढायचे, फोनवरच बोटाने लाल गोल करायचे आणि सगळ्यांसमोर ग्रुपवर टाकायचे. वर शेरा. नातीने ‘गुड मॉर्निंग’चं ‘जीएम’ लिहिलं की, “सकाळ एवढी महाग झाली का?” सुनेने कारखान्यातून ‘येते ७ला’ लिहिलं की, “कोण येते? म्हैस?” सून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईच्या रांगेवर देखरेख करायची. एका हातात कापड, दुसऱ्या हाताने मेसेज. त्यानंतर ती कधी येणार ते कळवेनाशी झाली.

मग भाच्याला मुलगी झाली. भाचा म्हणजे आबांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. दिवसभर दवाखान्यात उभा होता. ग्रुपवर त्याने एवढंच लिहिलं, “मुलगी झ्ली. दोघी ठिक.”

आबांनी दोन लाल गोल केले आणि खाली लिहिलं, “शब्द अर्धवट. बाळ तरी पूर्ण आहे ना?”

बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं होतं. काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं. भाचा त्याच मिनिटाला ग्रुपमधून बाहेर पडला.

चार-सहा दिवसांनी ताई, म्हणजे आबांची ती बहीण, घरी आली. चप्पल काढायच्या आधीच तिने आबांचा त्यातल्या त्यात बरा कान धरून जवळ ओढला.

“बाळ्या, तुला लाज आहे का रे?”

“मला काय माहीत बाळ पेटीत आहे? त्याने नीट लिहिलं असतं तर कळलं असतं!”

“त्या पेटीवरून त्याची नजर हटली असती तर नीट लिहिलं असतं! तुझ्या कचेरीत तारा यायच्या ना? आई आजारी पडली तेव्हा मी तुला तार केली होती. काय होतं त्यात?”

आबा पेपरची घडी घालू लागले.

“‘आई गंभीर. निघ.’ बस, एवढंच. तेव्हा नाही विचारलंस क्रियापद कुठे आहे म्हणून. हातातलं काम टाकून निघालास. मग आताच काय झालं?”

“ती तार होती. ही आळशी पोरं आहेत. भाषा मारतायत.”

“भाषा कुठे मरत नाही. माणसं मात्र तुझ्यापासून एकेक करून उठून चाललीत. ती गेली की भाषा कुणाशी बोलणार आहेस? भिंतीशी?” मग तिने आत बघून आवाज चढवला, “वहिनी, याला कशी गं सोसतेस?”

आबांची बायको चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “माझी वाक्यं आता पूर्ण असतात.” दोघी हसल्या. आबांना ऐकू आलं नाही.

पुढे काही महिन्यांनी आबांच्या बायकोला धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवावं लागलं. खाटेपाशी एकालाच बसू देत. सुनेने रजा टाकली. आबांनी संध्याकाळी भेटीच्या वेळेला जायचं असं ठरलं. दवाखाना दोन चौक सोडून होता.

सकाळी सुनेचा मेसेज आला, “आई ठीक. झोप झाली. डॉ. येऊन गेले.”

आबांना हायसं वाटलं. खरोखरच वाटलं. पण बोट सवयीने चाललं. लाल गोल झाला आणि शेरा पडला, “रुग्ण ठीक, वाक्यं मात्र आजारी.”

सुनेने तो शेरा सासूच्या खाटेशी बसून वाचला आणि फोन पालथा ठेवला.

दुपारी आबांच्या बायकोची तब्येत एकदम बिघडली. नर्सने सुनेला बाहेर काढलं आणि सांगितलं, “घरच्यांना बोलवून घ्या.” सुनेने ‘आपली माणसं’ ग्रुप उघडला. “आई सिरि” एवढं लिहिलं. वर सकाळचा लाल गोल तसाच दिसत होता. तिने लिहिलेलं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग नातीला निरोप टाकला, “आबांना तू कळव. नीट लिही. माझ्याने होत नाही.”

आणि स्वतः दुसरीकडे लिहिलं, “आई सिरियस. या.” भाचा दुकानाचं शटर ओढून निघाला. ताई नेसत्या साडीनिशी निघाली. मुलगा परगावाहून गाडीत बसला. आबांना कुणीतरी कळवलं असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

नात कॉलेजच्या जिन्यात बसली होती. तिला रडू फुटत होतं आणि ती ‘त्वरित’ कसं लिहायचं ते मैत्रिणीला विचारत होती. आजोबा एरवी चूक काढून मोकळे होतात, पण आज चूक काढली तर आपण त्यांच्याशी आयुष्यात बोलणार नाही, असं तिला वाटत होतं. म्हणून चूक होऊ नये यासाठी ती धडपडत होती. लिहिलं, वाचलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं.

आबा खुर्चीत पेपर वाचत होते. फोन थरथरला. त्यांनी वाचलं, “आबा, आजीची प्रकृती अचानक गंभीर झाली असल्याने आपण त्वरित रुग्णालयात यावे.”

त्यांची नजर शब्दांवरून फिरली. स्वल्पविराम जागेवर. ‘प्रकृती’ बरोबर. ‘त्वरित’ बरोबर. पोरीने ऐकलं शेवटी! आबांनी समाधानाने टाइप केलं, “निर्दोष वाक्य. शाब्बास.” आणि पाठवून दिलं.

मग त्यांना ते वाक्य कळलं.

अरे देवा! ते चप्पल न घालता निघाले. दोन चौक. दवाखान्याच्या जिन्यावर भाचा भिंतीला टेकून उभा होता. कॉरिडॉरमध्ये ताई बाकावर बसली होती. सून दाराशी. कुणी घाईत नव्हतं. यावरूनच आबांना समजलं.

बायकोला शेवटचं बघून बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही सगळे माझ्या आधी कसे आलात?”

मग सून त्यांच्या कानाशी आली. ती ओरडली नाही, पण एकेक शब्द ऐकू गेला. “आमचा दुसरा ग्रुप आहे, आबा. तिथे तुम्ही नाही.”

“तो कुणी काढला?”

“आईंनी. बाळाचं झालं त्या दिवशी. म्हणाल्या, घरात एक तरी जागा हवी जिथे माणूस चुकलं तर चालेल.”

आबांनी ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “सगळ्यात जास्त तीच लिहायची. आणि सगळं अर्धवट! आम्ही हसून मरायचो.”

“तिने… मला विचारलं का? शेवटी?”

“शेवटी मला आत सोडलं तेव्हा दाराकडे बघत होत्या,” सून म्हणाली. “मी तुम्हाला लिहायला घेतलं होतं, आबा. दोनदा. तुमची भीती वाटली.”



त्यानंतर घरात फोन वाजेनासा झाला. आबांना बायकोचे मेसेज वाचावेसे वाटायचे. होते पुष्कळ. “मी भाजी आणायला जात आहे.” “मी घरी परत आले आहे.” एकेक वाक्य असं, जसं कचेरीत वरिष्ठांना लिहावं. त्यात ती कुठेच नव्हती. ती हसायची ती जागा दुसरी होती.

एक दिवस त्यांनी नातीला विचारलं, “मला त्या ग्रुपात घेशील?”

नातीने आईकडे बघितलं आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, “आबा, मग तिथे कुणी लिहिणार नाही.”

“तरी घे.”

तिने घेतलं. आधीचे मेसेज नव्या माणसाला दिसत नाहीत, त्यामुळे बायकोची एकही ओळ आबांना वाचायला मिळाली नाही. आणि नात म्हणाली होती तसंच झालं. तो ग्रुप त्या क्षणी मुका झाला. दिवस गेले, कुणी एक अक्षर टाकलं नाही. बायकोने जपलेली एवढीशी जागा, तीही आपण पाऊल ठेवताच ओस पडली, हे आबांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग त्यांनी स्वतः लिहिलं. भाच्याच्या नावाने. “बाळ कसं? फोटो?” क्रियापद नाही. वाचून बघितलं नाही, पाठवलं. खाली आणखी एक ओळ घातली, “माझं चुकल”. अनुस्वार राहिला. तो तसाच ठेवला.

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुपार गेली. ताईने लिहिलं, “आलास का. बस आता गप.” संध्याकाळी भाच्याकडून फोटो आला. मुलगी भिंतीला धरून उभी होती. सोबत एक शब्दही नव्हता. भाच्याने माफ केलं असं नाही, पण फोटो पाठवला.

वाचकहो, आपण वडीलधारे झालो की आपल्याला वाटतं, पोरांचे अर्धे शब्द म्हणजे आपला अपमान. पण ज्याला आपल्याशी बोलायचं नसतं, तो अर्धासुद्धा शब्द पाठवत नाही. शुद्धलेखन जरूर शिकवा, शेजारी बसवून शिकवा. पण माणूस तुम्हाला काही सांगायला आलं असेल, तर आधी ते काय सांगतंय ते ऐका. ते किती बरोबर सांगतंय, हे नंतरही बघता येतं. नंतर माणूस मात्र सापडत नाही.

परवा आबा खुर्चीत बसले होते. फोन थरथरला. स्वयंपाकघरातून सुनेचा मेसेज होता. जरा भीतभीतच लिहिलेला, एकच शब्द.

“चहा?”

आबांनी तो पुष्कळ वेळ वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि चहा निवायच्या आत उठून आत गेले.