मुलं नावानं मोजायची

"मुलं आकड्यानं मोजायची नाहीत, मालिनी. नावानं मोजायची. नाव घ्यायचं, आणि ओ आली तरच ते घरात आहे असं समजायचं."

मीनावहिनी, म्हणजे मालिनीच्या थोरल्या जाऊबाई, हे सांगायच्या तेव्हा त्यांचे हात बहुतेक वेळा कणकेत असायचे. आकडा मोजला की मुलांना नजर लागते अशी त्यांची समजूत. दर मे महिन्यात दोन्ही जावांची मिळून सात नातवंडं नाशिकच्या घरी यायची आणि दीड महिना राहायची. अंगणातून आत येताना नावं, ताटं घेताना नावं, दिवा मालवण्याआधी नावं. सात हाका, सात ओ. शामसुंदरराव, मालिनीचे यजमान, पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही एसटी स्टँडवर अनाउन्सर व्हायला हव्या होत्या."

त्या मीनावहिनी पौषात गेल्या. जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मालिनीचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "मे महिना मोडू नको गं. एकदा मोडला की पोरं एकमेकांना लग्नातच भेटतील." मालिनी म्हणाली होती, "नाही मोडणार."

चैत्र लागला आणि त्या दोन शब्दांचं ओझं तिला कळायला लागलं.

मुलांचे आईबाप सगळे नोकरीचे. पुण्यात, ठाण्यात. घराच्या ग्रुपवर एकेकाचे निरोप यायला लागले. "काकू, या वर्षी राहू दे, तुमच्याच्यानं होणार नाही." "आई, तुझा गुडघा." कुणी पुण्यातल्या शिबिराची जाहिरात टाकली, कुणी तिच्याखाली अंगठा दाखवला. मालिनीनं दोन दिवस विचार केला आणि एका बोटानं टाइप केलं, "पाठवा. मी बाई बघते."

बाई बघणं म्हणजे काय, ते तिला मग समजलं. पहिली आली, चहा प्यायली, सात आकडा ऐकून म्हणाली, "सात? एकाच घरातली?" आणि उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला परत पायात घातल्या. दुसरीला दुपारी दोन ते चार झोप लागायची. तिसरी उद्या येते म्हणाली, आणि तिचा तो उद्या उजाडलाच नाही. एकीकडे गाड्यांची तिकिटं निघाली होती, दुसरीकडे मालिनीला भाजी चिरतानासुद्धा कढईत काय टाकलं ते आठवेनासं झालं होतं.

शेवटी भांडी घासणाऱ्या सरुबाईनंच तोड काढली. "माझ्या वळखीची हाजराबी हाय सातपूरला. शाळंत मावशी हाय, बालवर्गाला. चाळीस-चाळीस पोरं सांभाळलीत तिनं. शाळा जूनपर्यंत बंद, मोकळीच हाय. तुमची सात म्हंजी तिला सुट्टीच की."

हाजरा आली ती पिशवीत एक लांबट वही घेऊनच. पन्नाशीची, ठेंगणी, आवाज दारावरच्या कडीसारखा खणखणीत. तिनं मुलांची वयं विचारली नाहीत की खोड्या विचारल्या नाहीत. "नावं सांगा ताई," म्हणाली, आणि वहीत एकाखाली एक उतरवून घेतली. "देताना मोजून द्यायचं, घेताना मोजून घ्यायचं. शाळेची सवय. टेन्शन नका घेऊ."

मालिनीला मीनावहिनींची आठवण झाली आणि बरं वाटलं. निघता निघता हाजरा म्हणाली, "स्टॉपवरच्या रांजणात या वर्षी पाणी नाही ताई. कामगार येतात, हात लावून बघतात, जातात."

मालिनीनं मान खाली घातली. कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखालच्या बसस्टॉपजवळची ती पाणपोई मीनावहिनींची होती. उन्हाळाभर त्या पहाटे कळशी घेऊन जायच्या, सातपूरच्या पहिल्या शिफ्टच्या आत रांजण भरायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या मागे लांब दांड्याचं ओगराळं घेऊन धाकटी इरा जायची. पौषापासून रांजण पालथा पडून होता. "भरू," मालिनी म्हणाली. मुलांच्या गडबडीत ते मागेच राहिलं.

मुलं यायच्या आदल्या रात्री इराच्या आईचा, म्हणजे धाकट्या सुनेचा, स्वानंदीचा फोन आला. आवाज गोड, पण शब्द मोजलेले. "आई, ओळख ना पाळख, त्या बाईंवर सोडायचं म्हणजे मला धास्ती वाटते. एक जरी गडबड झाली ना, तर मी त्याच दिवशी इराला घेऊन जाईन." एक आई घेऊन गेली की बाकीच्या थांबत नाहीत, हे मालिनीला सांगायला नको होतं.

मालिनीचा एक नेम होता. अंघोळ झाली की मौन, ते जपाच्या अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत. बारा वर्षांत मोडलं नव्हतं. एरवी आठापर्यंत माळा संपायच्या. मुलं आल्यापासून दहा वाजायला लागले. काही लागलं तर ती खुणा करी. तळवा समोर धरला की थांब, बोट दाराकडे केलं की बाहेर खेळा. थोरल्या यशोधननं, वय तेरा, पहिल्याच दिवशी भावंडांना गुपित सांगितलं होतं, "धाकट्या आजीला काही मागायचं असेल तर मौनात मागायचं. नाही म्हणायला वेळ लागतो, मान पटकन हलते."

तिसऱ्या दिवशी सकाळी इरा देवघराच्या दारात उभी राहिली. सहा वर्षांची, ओठांवर पेस्टचा पांढरा ओघळ. ती काहीतरी विचारत होती. मालिनीची माळ मेरुमण्यापाशी आली होती, तिथं हात चुकला तर माळ पहिल्यापासून. तिनं अर्ध्या कानानं ऐकलं आणि मान हलवली. इराचा चेहरा उजळला, एवढं मात्र तिला दिसलं.

शामसुंदरराव घोटीला तांदूळ आणायला गेले होते. सव्वानऊला बाहेर किंकाळी ऐकू आली. आंब्याच्या रिकाम्या पेटीचा खिळा यशोधनच्या टाचेत घुसला होता. हाजरानं पाय धुतला, फडकं आवळलं आणि दारात आली. "ताई, गंजलेला खिळा आहे, इंजेक्शन द्यायलाच पाहिजे. दवाखाना इथंच आहे. बाकीची सहा तुमच्या ताब्यात देते. घ्या मोजून."

मालिनी हातात माळ घेऊन हॉलमध्ये आली. कूलरसमोर कॅरम चालला होता, दोघं दिवाणाखाली, एक गुलाबी फ्रॉक आणि दोन वेण्या कोपऱ्यात पाठमोऱ्या बसून चित्र रंगवत होत्या. नावं घ्यायची तर तोंड उघडायला हवं. माळ नवव्या फेऱ्यात होती. तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. एक, दोन, तीन. सहा भरले. तिनं मान हलवली. फडक्यातून रक्त पाझरत होतं, हाजरानंही वही उघडली नाही. ती यशोधनला घेऊन निघाली आणि मालिनी परत पाटावर बसली.

अर्ध्या तासानं हाजरा परतली ती वही उघडतच. "विहंग." ओ. एकेक ओ येत गेली. "इरा."

कॅरमची सोंगटी तेवढी वाजली.

"इरा," हाजरा कोपऱ्यातल्या वेण्यांकडे बघून म्हणाली. मुलीनं मान वळवली. "मी ती नाहीये. मी शेजारची. मी कधीची आलेय."

आतल्या पाटावर मालिनीच्या बोटांतला मणी तिथंच राहिला. मौन मोडावं की नाही असा विचारही मनात आला नाही. "इरा," तिनं हाक मारली. आवाज घोगरा आला, कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा. मुलं दचकली, कारण धाकटी आजी यावेळी बोलते हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाथरूम पाहिलं. पलंगाखाली, कपाटामागे. मालिनी गुडघा विसरून गच्चीवर गेली आणि तिनं पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. टाकीत फक्त आभाळ दिसलं. खाली आली तर हाजरा फाटकापाशी उभी होती. फाटकाची कडी वर होती.

"ताई, इकडं बघा. या वयाचं पोर उगाच नाही बाहेर पडत. कुठं जायचं ते ठरवून निघतं. सकाळी तुमच्याजवळ काही मागितलं होतं का?"

मालिनीला तो उजळलेला चेहरा दिसला. ओठांवरची पेस्ट. आणि अर्ध्या कानानं ऐकलेलं वाक्य आता पूर्ण ऐकू आलं. मोठी आजी न्यायची तसं तू मला आज पाणी भरायला नेशील ना?

"या पाचांना एका जागी बसवा," ती म्हणाली. "यशोधनला धरून सहा. नावं घेत राहा." आणि तशीच निघाली.

कोपऱ्यापर्यंत तीनशे पावलं असतील. डांबर तापलं होतं आणि पायांत काही नाही, हे तिला चटका बसल्यावर कळलं. मनगटावर माळ गुंडाळलेली. ती देवाला काही कबूल करत नव्हती, काही मागतही नव्हती, नुसतं नाव घेत होती, आणि ते नाव देवाचं नव्हतं.

कोपरा वळली आणि पलीकडे कडुनिंबाखाली तिला इरा दिसली. गळ्यात शाळेची पाण्याची बाटली, हातात ओगराळं. पालथ्या रांजणाला दोन्ही हातांनी ढकलत होती. मध्ये रस्ता. सातपूरच्या कारखान्यांकडे जाणारे टेम्पो, ट्रक, त्यांच्या मधून घुसणाऱ्या मोटरसायकली.

मालिनीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक ऐकली की पोर धावत सुटेल, इकडं तिकडं न बघता. ती जागच्या जागी उभी राहिली. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग इरानं घाम पुसत मान वर केली आणि आजी तिला दिसली. चेहरा पुन्हा तसाच उजळला, पाऊल रस्त्याकडे निघालं.

मालिनीनं तळवा समोर धरला. थांब.

इरा थांबली. घरातल्या प्रत्येक मुलाला ती खूण पाठ होती. रस्ता रिकामा होईपर्यंत मालिनीनं हात खाली घेतला नाही, आणि रस्ता ओलांडतानाही तो तसाच समोर होता.

"तू हो म्हणालीस," इरा म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "मी फाटकाजवळ किती वेळ थांबले. तू आलीच नाहीस, मग मी पुढे झाले. हा सरळच होत नाहीये."

मालिनी तिथंच रांजणाशेजारी बसली. गुडघ्यानं आता हिशेब मागितला होता. इराला तिनं इतकं घट्ट धरलं की पोरगी म्हणाली, "आजी, बाटली टोचतेय."

संध्याकाळपर्यंत बातमी पुण्याला पोचली होती. विहंगनं आपल्या आईला सांगितलं, तिनं स्वानंदीला. फोन आला तेव्हा शामसुंदररावांनी तांदळाची गोणी नुकतीच भिंतीला टेकवली होती आणि हाजरा बसच्या वेळेसाठी पिशवी आवरत होती. स्वानंदीचा आवाज स्पीकरवर सगळ्या हॉलभर झाला.

"आई, मी उद्याच निघते. ती बाई कुठं होती तेव्हा? काय करत होती?"

हाजरानं वही पिशवीत ठेवली. तिनं सकाळपासून कुणाला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं की मुलं ताब्यात कुणाच्या होती. आताही बोलली नाही. मालिनी गप्प राहिली असती तर हाजरा गेली असती, आणि बाई नसल्यावर मे महिना आपोआपच संपला असता, घरातल्या कुणाचाही दोष न निघता.

"स्वानंदी, त्या यशोधनला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या," मालिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू, फोनकडे वाकावं लागत होतं. "मुलं माझ्या ताब्यात होती. मला मौन होतं म्हणून मी नावं घेतली नाहीत, बोटांवर मोजली. शेजारची मुलगी त्यात धरली. आणि इरानं सकाळी विचारलं, ते न ऐकताच मान हलवली. चूक माझी आहे."

शामसुंदरराव गोणीची सुतळी उगाच बोटाला गुंडाळत होते.

"मीपण वही उघडली नव्हती मॅडम," हाजरा एकदम म्हणाली. "तेपण लिहून घ्या."

"मग आता तुमचं मौन?" स्वानंदीनं विचारलं. आवाजातली धार कमी झाली होती, पण गेली नव्हती.

"नेम सोडणार नाही गं. पण साडेतीनला उठेन. मुलं जागी व्हायच्या आत माळा संपतील. त्यांच्या वेळेत माझं तोंड उघडं."

"शनिवारी येते मी," स्वानंदी म्हणाली. "बघते आणि मग ठरवते. तोवर राहू दे." फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाली, "हाजरामावशी, वही मात्र उघडा."

शनिवारला अजून चार दिवस होते.

गाद्या घातल्या तेव्हा इरा तिच्या कुशीत येऊन पुटपुटली, "उद्या नेशील?" मालिनीनं या वेळी मान हलवली नाही. सगळं ऐकून घेतलं, मग तोंडानं म्हणाली, "हो. उद्या नेते."

पहाटे सव्वापाचला अकरावी माळ पुरी झाली. माळ डोळ्यांना लावून तिनं मौन सोडलं आणि दिवसाचा पहिला शब्द अगदी हलक्यानं उच्चारला, "इरा."

"ओ," गादीवरून उत्तर आलं. पोरगी जागीच होती.

मालिनीनं बाकीच्या सहा जणांच्या पायांना एकेक करून हात लावला, प्रत्येकाचं नाव ओठांत घेतलं. यशोधनच्या टाचेचं बँडेज कोरडं होतं. दिवाणावर शामसुंदरराव उठून बसले होते, चष्मा लावून, राखणीला बसल्यासारखे. "जा तुम्ही," ते म्हणाले. "मी आहे. नावं पाठ केलीत."

तिनं कळशी कमरेवर घेतली. इराच्या हातात ओगराळं दिलं आणि तिचा दुसरा हात आपल्या मुठीत धरला. पायांत चपला आहेत ना ते पाहिलं. मग फाटकाची कडी आवाज न होऊ देता उचलली, बाहेर आल्यावर तशीच खाली बसवली, ओढून पाहिली, आणि दोघी कोपऱ्याकडे चालू लागल्या.