ओळंब्याची बोटं

साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणत, कारण त्याने रचलेली भिंत केसभरही कलत नसे. पंचवीस वर्षं गवंडीकामात मुरलेला गडी. आणि आता दहा बोटं सरकारी यंत्राच्या काचेवर टेकवून उभा, तर यंत्र म्हणतंय, या माणसाला बोटंच नाहीत! घ्या आता.

"सिमेंटनं रेषा खाल्ल्यात," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "गवंड्यांचं नेहमीचंच."

"मग बाई, तुम्हीच काहीतरी लिहून टाका ना."

"मी काय लिहिणार? आमची परवाना कचेरी, आम्ही अर्ज मंजूर करतो. ठसे जुळवतं सीमा खातं. राहतं घर बघतात तपासणीवाले. तिघांचा होकार आला, तरच तुमची लेक इथं येणार."

"म्हणजे एका सुनेला तीन सासवा," ओळंबा म्हणाला.

बाई हसल्या, मग त्यांनी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. लेक सहा वर्षं तिकडे मायदेशी मामाकडे वाढत होती. वीस तारखेला तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. त्याआधी तिन्ही कागद लागले नाहीत, तर ती बापाच्या अर्जातून बाद. मग स्वतःच्या नावाने नवा अर्ज आणि दहा-बारा वर्षांची रांग.

बाईंनी ठशांसाठी अठरा तारीख दिली. "तोवर सिमेंटला हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ तेल चोळा. रेषा परत येतात."

मुकादमाने कुरकुरत रजा दिली आणि ओळंबा घरी बसला. लाँड्रीतून थकून आलेली बायको त्याच्या बोटांना तेल चोळायची आणि चिडवायची, "अहो, नव्या नवरीला लाजवतील असे हात झालेत!" बाराव्या दिवशी त्याने अंगठा खिडकीच्या उजेडात धरला. खरंच, रेषा दिसत होत्या. त्याने बायकोला दोनदा हाक मारून त्या दाखवल्या.

मग तपासणीवाल्यांचं पत्र आलं: सोळा तारखेला खोली बघायला येतो. लेकीच्या खोलीच्या एका भिंतीला ओल होती, पोपडे सुटलेले. पंधराला त्याने साइटवरचा एक गवंडी बोलावला. तो दुपारी गिलावा मारून गेला. बरा मारला होता हो, कुणी नाव ठेवलं नसतं. पण ओळंब्याला तो पोटुशा म्हशीसारखा दिसला.

"राहू द्या," बायको म्हणाली. "तपासणीवाले काय पट्टी लावणारेत?"

ती कामाला गेली आणि याने थापी उचलली. हातमोजे घातले होते, नाही असं नाही. पण हातमोज्यातून उंचवटा कळेना. कोपऱ्यातला ओला गिलावा तर तो आयुष्यभर उघड्या अंगठ्यानेच ओढून सरळ करत आला होता. जित्याची खोड! हातमोजे कधी काढले, हे त्याचं त्यालाही आठवलं नाही. संध्याकाळी भिंत आरशासारखी झाली होती आणि बोटं चुरचुरत होती.

तपासणीवाले खूश झाले. शेरा लिहिला, खोली योग्य.

अठराला सात बोटं उमटली, तीन नाही. बाईंनी स्वतःच्या रुमालाने ती पुसून पुसून नऊ वेळा बघितलं. मग सीमा खात्याला फोन लावला.

"सूट परवाना कचेरी देते," तिकडून उत्तर आलं.

"मी परवाना कचेरीतूनच बोलतेय हो!" बाई ओरडल्या. त्यांच्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ठशांत सूट द्यायची तर सीमा खात्यानेच द्यायची. यंत्राची पुढची मोकळी तारीख सव्वीस होती.

वीस तारखेला लेकीचा फोन आला. ओळंब्याने काही लपवलं नाही. वाढदिवसाचा आशीर्वाद द्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं आणि लहान पोरासारखा रडला.



"बाबा, कोपरा तुम्हीच ओढलात ना?"

"हो गं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली.

फोन ठेवल्यावर बायको तेलाची वाटी घेऊन शेजारी बसली आणि तिने त्याचा हात ओढून घेतला.

"आता कशाला?" तो म्हणाला.

"चुरचुरतायत ना?" ती म्हणाली, आणि चोळत राहिली.