बिस्किटसाठी वीस बाय चाळीस

स्पृहा दर दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे येते. येते म्हणजे मी पॉइंट कुकला जाऊन तिला तिच्या आईकडून घेऊन येतो. चार वाजले की ती घड्याळ बघायला लागते, पाचला मी तिला परत सोडतो. चौदा वर्षांची पोरगी, तिला जगात एकच वेड, ते बापाचं नव्हे, बिस्किटचं. बिस्किट घोडा आहे. डेब नावाच्या बाईच्या तबेल्यात असतो.

एकदा गाडीत मी सहज म्हटलं, "बिस्किट माझ्याकडे असता तर शुक्रवारपासून रविवारपर्यंत राहिली असतीस?"

"येस. पण तुझ्याकडे अरीना कुठंय?"

अरीना म्हणजे घोडा फिरवायचं वाळूचं मैदान, वीस मीटर बाय चाळीस. माझं घर वेरिबीच्या पुढे, दोन एकरांवर. घटस्फोटानंतर मोकळी हवा हवी म्हणून घेतलं. हवा भरपूर मिळाली. आणि मी रस्त्यांचा इंजिनियर, बावीस वर्षं हायवे बांधतोय. मला काय अरीना शिकवता?

मयूराला, म्हणजे स्पृहाच्या आईला, कळलं तशी ती फोनवर म्हणाली, "यतिन, अकरा वर्षांत तू बाथरूमचा गळका नळ बदलला नाहीस."

"तो गळत नव्हता. टपकत होता."

"बांध बाबा, बांध."

बांधला. रस्त्याला देतात तसा मधोमध उंचवटा दिला, पाणी दोन्ही कडांना पळायला. वाळू निवडायला तीन ठिकाणी गेलो. पुण्यात साइटवर मुकादमाने शिकवलं होतं, वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, तळहात स्वच्छ राहिला तर वाळू चांगली. मी सगळ्या व्हिक्टोरियातली सगळ्यात स्वच्छ वाळू आणली. धुतलेली, गोल दाण्यांची, साखरेसारखी. तिचं प्लास्टर केलं असतं तर पिढ्या नांदल्या असत्या.

डेब बघायला आली. बूट वाळूत खुपसून उभी राहिली. "लव्हली सँड, मेट. छोट्या मुलांना खेळायला."

गोल दाणे एकमेकांना धरत नाहीत, घोड्याचा पाय गोट्यांवर पडल्यासारखा घसरतो, असं तिने समजावलं. मला पटलं नाही. मग तीन दिवस पाऊस लागला. माझा उतार इतका उत्तम चालला की पाण्याबरोबर वाळूही दोन्ही कुंपणांना जाऊन बसली आणि मधोमध टक्कल पडलं. स्पृहा त्या शनिवारी कुंपणावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, धिस इज अ स्पीड बंप."

आणि पाचला गेली.

पुढचे पाच महिने मी सगळं उपसलं. उंचवटा काढला, एका बाजूला अगदी हलका उतार ठेवला. टोकदार दाण्यांची वाळू आणली, मुठीत दाबली की गोळा होणारी, हात घाण करणारी. ती रोज भिजवायची, नाहीतर उडते. मग गवत कापायच्या ट्रॅक्टरमागे लोखंडी जाळी बांधून ओढायची, म्हणजे सपाट राहते. घोडा नव्हता, तरी मी ऑफिसमधून आलो की ओढायचो. एक कांगारू मधोमध आडवा पडून असायचा. त्याला वळसा घालून ओढायचो. आठवड्यात मी ज्याच्याशी तोंडाने बोललो असा तो बऱ्याचदा एकटाच असायचा.

शेवटी एका शुक्रवारी दुपारी डेबच्या ट्रेलरमधून बिस्किट उतरला. स्पृहा बॅग घेऊन आली होती, दोन रात्रींचे कपडे, टूथब्रश वगैरे. तिने पाऊण तास घोडा फिरवला. उतरली ती लालेलाल होऊन.

"परफेक्ट आहे, बाबा."

त्या दोन शब्दांवर मी आणखी चार अरीना बांधले असते.

मग खोगीर उतरवून बिस्किटला बाजूच्या कुरणात सोडला. त्याने मान वर केली, सगळीकडे बघितलं आणि खिंकाळला. थांबला, कान टवकारले. पुन्हा खिंकाळला. मग कुंपणाच्या कडेने पळायला लागला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. शनिवारी सकाळी बघतो तर कुंपणालगत गवत नाहीच, नुसती पायवाट. चारा तसाच. बिस्किट घामाने भिजलेला.

डेबला फोन केला. ती म्हणाली, "त्याच्याबरोबर कोण आहे?"

"मी आहे."

"नो, मेट. दुसरा घोडा कुठला?"

माझ्या ड्रॉइंगमध्ये पाण्याचा निचरा होता, वाळूच्या दाण्याचं माप होतं, कुंपणाची उंची होती. दुसरा घोडा नव्हता.

"घोडे एकटे राहत नाहीत," डेब म्हणाली. जणू मला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

मी कुरणात जाऊन बिस्किटजवळ उभा राहिलो. तो थांबला. चहाला आत गेलो तर परत सुरू. म्हणून मी उभाच राहिलो, नऊपासून. स्पृहाने चहा कुंपणावरून दिला, मग टोस्ट, मग स्वतःच आली आणि शेजारी उभी राहिली. तिची मॅथ्सची टीचर, एक मैत्रीण जी आता मैत्रीण नाही, असं बरंच काही बोलली. तीन वाजेपर्यंत. एकदाही घड्याळ बघितलं नाही.

मग म्हणाली, "ही कान्ट स्टे, बाबा."

"मी लीव्ह टाकतो. उभा राहतो."

"किती दिवस?"

मी खरंच हिशेब करायला लागलो.

"यू आर नॉट अ हॉर्स," ती हळूच म्हणाली.

चारला डेब आली. बिस्किट ढकलावा न लागता ट्रेलरमध्ये चढला. स्पृहाने बॅग आणली.

"तू उद्यापर्यंत होतीस ना?"

"तो खूप स्ट्रेस्ड आहे, बाबा. आय शुड बी विथ हिम." तिने मला मिठी मारली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि डेबच्या शेजारी जाऊन बसली. डेबने काच खाली करून सांगितलं, "तुझ्याकडे आधी दुसरा घोडा उभा दिसू दे. मगच ह्याला पाठवीन."

रविवारी मी ऑनलाइन शोधलं. बॅलरॅटजवळ एक म्हातारी घोडी होती, पर्ल. बसता येत नाही, काम जमत नाही, फक्त सोबतीला चालेल, शांत घर हवं. जाहिरात तीनदा वाचली आणि फोन लावला. बाई गोड होती. कुंपण विचारलं, पाणी विचारलं, सावली विचारली. अरीनाबद्दल तर मी तिने न विचारताच दहा मिनिटं सांगितलं.

"आणि तुमच्याकडे घोडे किती?"

"सध्या एकही नाही. पर्ल आली की दुसरा येईल."

"मग तो आला की फोन करा, लव्ह."

"तो पर्ल आल्याशिवाय येणार नाही."

फोनवर तिच्या मागे कुठेतरी दोन-तीन घोडे फुरफुरत होते.

"सॉरी, लव्ह. एकटीला नाही पाठवणार मी तिला. तुम्ही समजू शकता."

मी म्हटलं, हो, समजू शकतो.