बंडूजींचं पाप, पास्टरांची साक्ष

आमचे पास्टर एलिया पाटोळे यांच्या आयुष्यात एक मोठी उणीव होती. त्यांनी कधी पाप केलेलं नव्हतं.

तसं ‘आपण सगळे पापी’ हे ते दर रविवारी सांगत, पण त्यांच्याकडे पाहून पटत नसे. वडील पास्टर, आजोबा पास्टर, बालपण नगरकडच्या मिशन कंपाउंडात. दारू नाही, विडी नाही, साधा चहासुद्धा अर्धा कप. लोकांपुढे उभं राहून आपण कसे बिघडलो आणि देवानं कसं सावरलं ते सांगायचं, याला आमच्यात साक्ष देणं म्हणतात. पास्टरांची साक्ष म्हणजे लहानपणी कंपाउंडातला एक पेरू चोरला आणि संध्याकाळी परत नेऊन दिला. बोरगाव मेघेच्या आमच्या चर्चच्या मंडळीला तो पेरू पाठ झाला होता.

आता उज्जीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवायच्या मेळाव्यात, एखादा माजी दरोडेखोर बोलतो, मग एखादा माजी दारुडा बोलतो. त्यांच्या पाठोपाठ पेरू म्हटल्यावर बायका पोरांना घेऊन बाहेर जायच्या. नागपूरच्या मोठ्या सभांचं बोलावणं दरोडेखोराला येई. पास्टरांना येत नसे.

बंडूजींचं उलट होतं. त्यांच्याजवळ पाप होतं, पण ते सांगायची हिंमत नव्हती.

बंडूजी बोरगावात कूलर आणि पंपांची दुरुस्ती करत. आई मनकर्णाबाई ख्रिस्ती विश्वासात आल्या तेव्हापासून ते घर मंडळीतलं. मोठा भाऊ अंकुश तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. सेवाग्रामला दवाखान्यात होता, रक्त हवं होतं, गट दुर्मिळ. दोन्ही भावांचा गट एकच. बंडूजींना शोधायला माणसं बोरगावात धावली, पण ते सापडले नाहीत. दुसरीकडून रक्त आलं तोवर उशीर झाला होता. फोनची बॅटरी उतरली होती, असं बंडूजींनी सांगितलं. आईनं ते मानलं, आणि अंकुशची बायको मोहिनीनंही मानलं.

यंदा मंडळीनं बंडूजींना एल्डर निवडलं. एल्डर म्हणजे मंडळीतला वडीलधारा, आणि आसनावर बसण्याआधी त्यानं साक्ष द्यायची हा आमचा रिवाज. खोट्यावर पाय ठेवून एल्डर व्हायचं बंडूजींच्या जिवावर आलं. ते पास्टरांकडे गेले आणि रडत सगळं सांगितलं. बॅटरी भरलेली होती. फोन त्यांनी हातानं बंद केला. सुईची भीती लहानपणापासून, त्यात बाटलीभर रक्त द्यायचं. भाऊ आत होता आणि ते दवाखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर आलूबोंडा खात बसले होते. हे आता आईला आणि वहिनीला सांगायचं, आणि मग मंडळीला.

पास्टरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. घाई करू नका म्हणाले. यावर प्रार्थना करू, वेळ आली की मी सांगेन, तोवर कुणाजवळ बोलायचं नाही.

वेळ समुद्रपूरच्या सभेत आली. मंडळीची गाडी भरून माणसं गेली होती, मनकर्णाबाई आणि मोहिनी पुढच्या रांगेत. माइकचं काम नेहमीप्रमाणे बंडूजींकडे. माजी दारुडा बसला, पास्टर उठले. पेरू येणार म्हणून बायका पोरं आवरायला लागल्या.

पेरू आला नाही. पास्टर म्हणाले, आज मी तुम्हाला ते सांगणार आहे जे मी कधी कुणाला सांगितलं नाही. माझा एक चुलतभाऊ होता. अपघात झाला. माझंच रक्त त्याला चालणार होतं. मी फोन बंद केला आणि टपरीवर वडा खात बसलो.

आलूबोंड्याचा वडा केला, सख्ख्याचा चुलत केला. पास्टरांनी स्वतःचं घातलं ते एवढंच.

मागून कुणीतरी ओरडलं, आवाज येऊन नाई राह्यला. बंडूजींनी बटण फिरवून आवाज वाढवला. दुसरं करणार काय.

सभा हुंदके देत होती. पंधरावीस माणसं पुढे येऊन गुडघ्यांवर बसली. मनकर्णाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. पास्टरांना शाल मिळाली आणि तिथल्या तिथं नागपूरचं बोलावणंही.

दुसऱ्या दिवशी बंडूजी पास्टरांच्या घरी गेले. पास्टर अजिबात गडबडले नाहीत.

“तुमचं नाव घेतलं का मी? उलट तुमची अब्रू झाकली. गुपित इतकं राखलं बंडूजी, की माझ्या अंगावर घेतलं.”

“येशूनं लोकाइचं पाप अंगावर घेतलं तं त्याले खिळे ठोकले, पास्टरजी. तुमाले शाल भेटली.”

पास्टरांनी समजावलं, आत्मे वाचले हे पाहा. आता तुम्ही तीच साक्ष दिली तर लोक गोंधळतील. तुम्ही आपली साधी द्या. हवं तर पेरू घ्या, असं काही ते म्हणाले नाहीत, पण चेहरा पेरू देऊन टाकल्यासारखा होता.

रविवारी बंडूजी उभे राहिले आणि सगळं सांगितलं. सेवाग्राम, फोन, सुई, आलूबोंडा. मंडळी अवघडून ऐकत होती. नत्थूजी शेजारच्याला म्हणाले, हे तं पास्टरचं होय ना बाप्पा. दोनचार जण हसलेसुद्धा.

मनकर्णाबाई जागेवरूनच बोलल्या, “त्याचा फोन उतरला होता जी. लेकरू हळवं आहे. पास्टरचं आयकलं अन् मनाले लावून घेतलं.”

बंडूजी वळले. “पास्टरजी, तुम्हीच सांगा याइले, हे कोनाचं होय.”

त्या प्रार्थनामंदिरात खरं माहीत असलेला दुसरा माणूस एकच होता. त्यानं बायबल मिटलं.

“आपण सर्व डोळे मिटून प्रार्थना करू या.”

सगळ्यांनी डोळे मिटले. पास्टरांनी देवाचे आभार मानले, की त्यानं आम्हाला असा नम्र भाऊ दिला जो दुसऱ्याच्या साक्षीत स्वतःला पाहतो. प्रार्थना लांबली. आमेन झाल्यावर त्यांनी बंडूजींना एल्डर म्हणून जाहीर केलं आणि टाळ्या झाल्या.

बाहेर चपलांपाशी मोहिनीनं बंडूजींना गाठलं.

“मी डोये नाई मिटले, भावजी,” ती म्हणाली. “पास्टरचेही उघडेच होते, पन ते तुमच्याकडे पाह्यत नोते. साऱ्या प्रार्थनेत त्याइनं तुमच्याकडे पाह्यलं नाई.”

बंडूजी खाली वाकून आपली चप्पल शोधू लागले.

“म्हंजे खरं आहे.”

“हो.”

“मी लावला होता फोन. त्याच्या आधी बंद केला का त्याच्यानंतर?”

बंडूजींनी एवढंच पास्टरांनाही सांगितलेलं नव्हतं.

“दोनदा वाजला. तुमचं नाव दिसलं. मंग बंद केला.”

मोहिनीनं मान हलवली, एखादा हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. “मले वाटे, मीच उशिरा लावला, तोवर बॅटरी उतरली,” ती म्हणाली. “तीन वर्षं मी माह्यावरच घेऊन बसली.”

तेवढ्यात मनकर्णाबाई आल्या. लेकाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी कानशिलांवर बोटं मोडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, हा माहा लहाना, आज एल्डर झाला.

मोहिनीनं ऑटो थांबवला, सासूला हात देऊन आत बसवलं, मग स्वतः बसली. तिसऱ्याची जागा होती. मनकर्णाबाई सरकल्या आणि वाट पाहू लागल्या.

“चाला,” मोहिनी म्हणाली. ते ऑटोवाल्याला होतं.