पुन्हा एकपासून

मी नंबराचं मशीन बोलतोय. दवाखान्यात शिरलं की उजव्या हाताला, डोळ्यांच्या खोलीच्या दाराशी राखाडी पत्र्याचा कमरेएवढा खांब दिसतो ना, तो मी. माझ्या पोटावर हिरवं बटन आहे. ते दाबलं की मी चिठ्ठी बाहेर काढतो, तिच्यावर आकडा असतो. समोरच्या भिंतीवर माझा फलक आहे. त्याच्यावर तो आकडा लागला की त्या माणसाने आत जायचं. एवढंच माझं काम.

आत्ता लाइट गेली आहे, म्हणून बोलायला सवड मिळाली. लाइट असली की मला आकड्यांशिवाय काही सुचत नाही.

माझा जन्म इथला नाही. दूरच्या एका थंड देशात, मोठ्या कारखान्यात मला बनवलं. माझा पत्रा एका बाईने जोडला. ती कामाला बसायची तेव्हा तिच्या डोळ्यांवर काळी काच असायची. ती काच चढवल्याशिवाय तिच्या टेबलाची वीजच सुरू होत नसे. तशी सोयच केलेली होती. एकदा ती म्हणाली, "मला काय लहान मूल समजतात का?" मुकादम हसून म्हणाला, "तुला नाही, तुझ्या डोळ्यांना." माझा सांधा जोडून झाल्यावर तिने त्याच्यावरून अंगठा फिरवला, कुठे काही टोचत नाही ना ते बघितलं, आणि जेवायला गेली.

तिथून मी तिथल्याच एका दवाखान्यात लागलो. खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. बाहेर बर्फ पडत असलं तरी आत ऊब असायची. संडासात साबण असायचा, आणि तो कुणी घरी नेत नसे. मंत्र्याची बायको आली तरी बटन दाबायची आणि झाडूवाला आजारी पडला तरी बटन दाबायचा. दोघांना सारखीच चिठ्ठी मिळायची. लोक चिठ्ठी घेऊन बसायचे आणि एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. मला वाटायचं, माणसं अशीच असतात.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. एका सकाळी एक म्हातारा चिठ्ठी घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. त्याचा आकडा लागला. तो उठला नाही. फलक लुकलुकला, पुन्हा लुकलुकला, आणि मी पुढचा आकडा लावला. त्याच्या शेजारी दिवसभर माणसं बसून गेली. एका बाईने त्याच्या खांद्यावर कलंडलेली आपली पिशवी उचलून घेतली आणि त्याला "माफ करा" म्हणाली. संध्याकाळी फरशी पुसणाऱ्याने त्याला पाय उचलायला सांगितलं, तेव्हा कळलं, तो सकाळीच गेला होता.

त्यावर मोठी चौकशी झाली. वर्तमानपत्रात आलं, कुणा साहेबाची खुर्ची गेली. मग नियम निघाला की अधूनमधून एका माणसाने खुर्च्यांमधून फिरून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचं. त्या देशात शेजाऱ्याकडे बघायलासुद्धा नियम लागतो, पण एकदा नियम झाला की तो पाळतात. तो माणूस रोज फिरायचा. मी स्वतः बघितलंय.

मग इथले साहेब लोक तिकडे अभ्यासदौऱ्यावर आले. सगळे नव्या कोटात. आमचा शांत हॉल बघून ते दारातच थबकले.

"एवढी माणसं, आणि आवाज नाही?" एकजण म्हणाला.

"कशामुळे हो?" दुसऱ्याने विचारलं.

तिसऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "हे. ह्या मशीनमुळे."

मग प्रत्येकाने माझं बटन दाबून बघितलं, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढले आणि आठवण म्हणून एकेक चिठ्ठी खिशात घातली. आत किती डॉक्टर बसतात ते कुणी विचारलं नाही. लाइट गेली तर काय करता, हेही नाही. तिथल्या लोकांनीही सांगितलं नाही, कारण तिथे लाइट जात नाही. तिथे पुढे सगळं मोबाइलवर आलं आणि मी अडगळ झालो, तेव्हा मला पेटीत घालून इकडे भेट म्हणून पाठवलं.

इथे आलो तेव्हा मला हार घातला. माझ्यावर भाषण झालं. "आता आपल्याकडेही तीच शिस्त येईल," असं साहेब म्हणाले. पंखा बंद होता, टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

मी येण्याआधी इथे शिस्त नव्हती असं नाही. लोक पहाटे यायचे आणि दारापासून आपापल्या वस्तू ओळीने मांडायचे. एक चप्पल, एक पिशवी, पाण्याची बाटली, तुटकी छत्री, काहीच नसेल तर दगड. मग झाडाखाली जाऊन बसायचे, गप्पा मारायचे. ओळीत कुणाची चप्पल कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं. कुणी दुसऱ्याचा दगडसुद्धा सरकवत नसे. फार आजारी माणूस आला की बाया ओरडायच्या, "ए, त्या दादाची पिशवी पुढे घ्या!" आणि पिशवी पुढे जायची. झाडलोट करणारी मावशी त्या वस्तू न हलवता भोवतीने झाडायची; हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलंय.

मी आलो आणि भिंतीवर पाटी लागली. वस्तू ठेवून रांग लावण्यास सक्त मनाई.

दारावरच्या शिपायाला सगळे 'सरकार' म्हणतात. तो स्वतःचं मत कधी सांगत नाही. "सरकारचं म्हणणं असं आहे," अशीच सुरुवात करतो, मग पाणी कुठे मिळेल ते सांगायचं असलं तरी. त्याने पहिल्याच दिवशी मावशीला त्या ओळीवरून झाडू फिरवायला लावला.

आता एका वेल्डरचं सांगतो. त्याच्यासाठीच तर बोलायला घेतलं.

तो तिशीतला, हसरा. लहानपणीच काटा घुसून त्याचा एक डोळा गेला होता. उरलेल्या डोळ्यावर तो गेटं, जिने, खिडक्या बनवायचा. त्याच्या दुकानात काळी काच होती, पण तिघांत एक. ज्याची वेळ येईल त्याने घालायची. ग्राइंडर चालवताना ती त्याच्याकडे नव्हती, आणि लोखंडाचा कण उडून त्या उरलेल्या डोळ्यात रुतला.

बायको त्याला हाताला धरून अंधार असतानाच घेऊन आली. ड्युटीवरच्या डॉक्टरने थेंब टाकले, पट्टी बांधली. "हे काम डोळ्यांच्या डॉक्टरांचंच. आज निघाला तर डोळा वाचेल. ते आठवड्यातून एकदाच येतात, आणि दुपारी निघतात. तुमचं नशीब, आज त्यांचा वार आहे. जा, नंबर घ्या."

बायकोने माझं बटन दाबलं. चिठ्ठीवर बारा होतं.

"बारावा?" तो म्हणाला. "म्हणजे आरामात होईल. उगाच रडत होतीस."

"मी कुठे रडत होते?"

"डोळा बांधलाय माझा, कान नाही."

ती हसली. तिने चिठ्ठी त्याच्या मुठीत दिली, त्याने मूठ घट्ट केली.

डॉक्टर आले. फलक सरकू लागला. आठचा माणूस बाहेर आला आणि लाइट गेली.

ज्यांनी मला बनवलं त्यांच्या डोक्यात हे कधी आलंच नाही. माझ्यात वीज पुन्हा आली की मला वाटतं, नवा दिवस उगवला. मी एकपासून सुरू करतो. फलकही एकपासून. तिकडे हा दोष नव्हताच, कारण तिकडे माझी वीज रात्री दवाखाना बंद करतानाच बंद करायचे, दिवसा मध्ये कधी तुटली नाही.

लाइट आली. नुकते आलेले लोक होते, त्यांनी बटन दाबलं. त्यांना एक, दोन, तीन मिळाले. सरकारने फलकाकडे बघून ओरडा केला, "एक नंबर!" आणि एक नंबर आत गेला.

जुन्यांत गलका झाला. जे हुशार होते त्यांनी जुनी चिठ्ठी टाकून नवी घेतली. वेल्डरची बायकोही उठली.

"बस खाली," तो म्हणाला. "आपला नंबर आहे ना?"

"अहो, सगळे नवीन घेतायत."

"घेऊ दे. ते मशीन आहे, माणूस नाही. मशीन फसवत नाही. मी आयुष्यभर मशिनीच चालवल्यात."

"तुमचं मशीन तुमच्या डोळ्यात गेलंय, ते आठवतंय का?"

"ती चूक माझी होती. मशीनची नव्हती."

ती बसली. माझा आवाज माणसांना ऐकू जात असता तर मी तिला उठवलं असतं.

मावशी झाडू टाकून सरकारकडे गेली. "अरे, ही पोरं अंधाराची आलीत. मी बघितलंय. डोळा जाईल त्याचा. सोड की आत."

"मावशी, सरकारचं म्हणणं असं आहे की तुझी आठवण आता चालत नाही. आता मशीन आलंय."

बायकोने हात जोडले. "भाऊ, फार तातडीचं आहे हो."

"वहिनी, इथे लग्नाला कोण आलंय? सगळ्यांचंच तातडीचं असतं. बारा लागला की या."

बाकावरचे सगळे हे ऐकत होते. महिन्याभरापूर्वी हेच लोक दुसऱ्याची पिशवी पुढे सरकवायचे. आता प्रत्येकाने आपापल्या चिठ्ठीत डोकं घातलं. एकाने तर हळूच विनोद केला, "जुनं नाणं आहे त्यांचं, बाजारात चालत नाही." दोघंतिघं हसले. दुष्ट नव्हते ते. आपला आकडा जवळ आला की माणूस हसतो.

शेवटी बारा लागला. ती नवऱ्याला उठवून दाराशी घेऊन गेली. तिथे इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थही बारा घेऊन उभा होता.

सरकारने दोन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या. गृहस्थाची कोरी करकरीत होती. वेल्डरची घामाने आणि डोळ्यातून गळणाऱ्या औषधाने काळवंडली होती.

"ही जुनी दिसतेय. मागच्या आठवड्यातली नाही कशावरून?"

"अहो, सकाळीच तर..." ती म्हणाली.

"मला फक्त चष्मा बदलायचाय, दोन मिनिटांचं काम," गृहस्थ म्हणाला आणि आत गेला. आत जाताना वेल्डरच्या खांद्यावर थोपटून गेला.

वेल्डर तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नवीन घे." ती माझ्याकडे धावत आली, तिने बटन दाबलं. तेव्हा मी कितीतरी पुढे गेलो होतो. ती चिठ्ठी घेऊन ती नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

दुपारी डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले. ती त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. डॉक्टरांनी पट्टी बघितली, घड्याळ बघितलं. "आधी का नाही आलात? गाडी उभी आहे, पुढच्या गावच्या दवाखान्यात ऑपरेशनला पेशंट घेतलाय. पहिला नंबर लावायचा ना!"

वेल्डर अदबीने म्हणाला, "लावला होता, साहेब."

गाडी गेली. ती दोघं कुणाच्या तरी ट्रकमधून मोठ्या शहराकडे निघाली. पुढचं मला मावशीकडून कळलं. ती माझी धूळ पुसत होती आणि स्वतःशीच बोलत होती. पोचेपर्यंत डोळ्यात पू झाला होता. डोळा काढावा लागला.

इथेही चौकशी झाली. एक साहेब आले, त्यांनी माझं बटन दाबलं, मी चिठ्ठी दिली. "मशीन व्यवस्थित चालू आहे," त्यांनी लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेले. त्या थंड देशात एक म्हातारा मेला तर नियम जन्माला आला. इथे डोळा गेला, आणि सरकारने मला नवं कव्हर शिवून घेतलं.

आज सकाळी ती दोघं परत आली. त्याला आंधळेपणाचा दाखला हवा आहे. तो डोळ्यांचे डॉक्टरच देतात, आणि त्यासाठीही नंबर लागतो. लाइट नुकतीच येऊन स्थिरावली होती. ती म्हणाली, "थांबा, मी घेते." तो म्हणाला, "नको, मला दाखव कुठे आहे."

तिने त्याचा हात माझ्यावर ठेवला. त्याने बटन शोधण्याआधी माझा सगळा पत्रा चाचपला. सांध्यावर त्याचा अंगठा थांबला. खाली गेला, परत वर आला.

"काय सांधा आहे गं," तो म्हणाला. "कुठे टोचत नाही. कुणीतरी मन लावून केलाय."

माझ्या जन्मानंतर त्या सांध्याकडे कुणी बघितलं नव्हतं. बघितलं ते त्याने.

त्याने बटन दाबलं. मी चिठ्ठी दिली.

"कितवा?"

"पहिला," ती म्हणाली.

तो मोकळेपणाने हसला. "बघ. म्हटलं नव्हतं, मशीन फसवत नाही?"

तेवढ्यात लाइट गेली. हॉल काळोखला, पंखे थांबत गेले, लोकांनी "गेली" म्हणून ओरडा केला. तो अजून हसतोय. त्याला अंधार कळत नाही. ती त्याला सांगत नाहीये.

म्हणून एवढं बोललो. ह्या बाकांवर बसलेल्यांनो, तुमच्यात मघाशी आलेले आहेत, आत्ता आलेले आहेत. तुम्ही सगळ्यांनी त्याला बटन दाबताना बघितलंय. मला आकड्यांची आठवण दिलेली नाही, तुम्हाला आहे. लाइट यायच्या आत एकाने तरी ओरडा, "ए, त्या दादाला पुढे घ्या." पूर्वी ओरडत होतात. दारात एखादी चप्पल तरी काढून ठेवा त्याच्या नावाची.

कुणी उठत नाही. सगळे छताकडे बघतायत.

ट्यूब फडफडली. लाइट आली.

दारातून एक बाई घाईघाईने आत आली, तिने माझं बटन दाबलं. मी चिठ्ठी बाहेर काढली. तिच्यावर एक होता.